कुलुपाची उणीव सांगावी काय?



सायकलला कुलूप लावून आपण मंडईंत शिरतों, तेव्हां ती सायकल आपण एका न पाहिलेल्या कारागिराच्या भरंवशावर सोडीत असतों. त्याच्या कुलुपांत कांहीं उणीव असेल, तर ती चारचौघांत सांगावी कीं झांकून ठेवावी? हा वाद सायकलीहूनही जुना आहे.

जोसेफ ब्रामा या इंग्रज यंत्रज्ञानें १७८४ सालीं एका नव्या कुलुपाचें पेटंट घेतलें. त्याची किल्ली लहानशा नळीसारखी होती. हें कुलूप किल्लीवांचून उघडील त्यास २०० गिनींचें बक्षीस, अशी पाटी त्याच्या लंडन येथील दुकानाच्या खिडकींत पुढें अनेक वर्षें झळकत होती. १८५१ सालीं त्या शहरीं मोठें औद्योगिक प्रदर्शन भरलें. त्या निमित्तानें अमेरिकेहून आलेल्या आल्फ्रेड हॉब्स यानें सोळा दिवसांत मिळून सुमारें ५१ तास खपून तें कुलूप उघडलें. चब कंपनीचें नांवाजलेलें कुलूप तर त्यानें अर्ध्या तासाच्या आंतच उघडलें होतें. ही विद्या चोरांच्या हातीं जाईल, अशी ओरड झाली. हॉब्सचें उत्तर असें कीं, चोर आपल्या धंद्यांत मुळांतच प्रवीण असतात; त्यांस नवें कांहीं शिकवावें लागत नाहीं. अर्थात् अंधारांत राहतो तो साव!

आतां सायकलीकडे वळूं. अमेरिकेंत १९७१ सालीं स्थापन झालेल्या क्रिप्टोनाइट कंपनीनें कठीण पोलादाचें, घोड्याच्या नालासारखें कुलूप प्रचारांत आणलें. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर या कुलुपानें खांबास जखडलेली सायकल महिनाभर ठेवण्यांत आली. चोरांनीं सुटे भाग लांबविले. सांगाडा मात्र जागचा हलला नाहीं. पुढें या जातीच्या पुष्कळ कुलुपांस नळीसारखी किल्ली आली. साध्या प्लास्टिकच्या पेनाची पोकळ नळी आंत दाबून फिरविली, तर त्यांपैकीं कित्येक कुलुपें क्षणांत उघडत. ही गोष्ट ब्रिटनमध्यें १९९२ सालींच छापून आली होती; परंतु तिची दाद कोणीं घेतली नाहीं. २००४ सालीं तिचें चलच्चित्र इंटरनेटवर सर्वत्र पसरलें, तेव्हां कोठें कंपनीनें तीं कुलुपें विनामूल्य बदलून देण्याचें पत्करलें.

मधल्या बारा वर्षांच्या मौनाचा लाभ कोणास झाला असेल, हें सांगावयास नको.

तात्पर्य, न उघडणारें कुलूप जगांत नाहीं. कुलूप आपणांस विकतें तो केवळ वेळ. ५१ तास आणि एक क्षण, यांतील अंतर गिऱ्हाइकास कळणें हा त्याचा हक्क होय. आपल्याकडे पुष्कळ सायकलींना मागील चाकांत अडकणारी कडी तेवढी असते. ती चाक थांबविते. परंतु सायकल खांद्यावर टाकून नेणारास थांबवीत नाहीं. म्हणून सांगाडा साखळीनें एखाद्या पक्क्या गजास बांधावा, आणि कुलुपाची उणीव दाखविणारास चोराचा सोबती न समजतां त्याचें म्हणणें ऐकून घ्यावें.