विकलांगांचें अश्वारोहण

घोडा आणि मनुष्य यांच्या सहवासाचा इतिहास बहुधा रणांगणावरूनच सांगितला जातो. मराठ्यांच्या इतिहासांतून पागा, शिलेदार आणि बारगीर हे शब्द वगळले, तर त्यांच्या स्वाऱ्यांचें वर्णन करणेंच अशक्य होईल. मराठी भाषेनें तर अश्वविद्येंतील ‘मांड’ हा शब्द उचलून त्याला स्थैर्याचा पर्यायच करून टाकलें आहे. सत्तेवर मांड बसते, विषयावर मांड बसते. परंतु ज्याच्या पायांत बळच नाहीं, त्याची घोड्यावर मांड बसावी आणि त्यासाठीं चार परक्या माणसांनीं विनावेतन राबावें, हा प्रकार इतिहासांत अगदीं अलीकडचा आहे. त्याला संघटित रूप आलें तें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत.

रपेट प्रकृतीस हितकर असते, ही समजूत मात्र जुनी. सतराव्या शतकांतील विख्यात इंग्रज वैद्य टॉमस सिडनहॅम (१६२४–१६८९) हा क्षयाच्या रोग्यांस नित्य घोड्यावर बसण्याचा आग्रह करीत असे. तथापि तो उपदेश ज्याच्या दारीं घोडा आहे आणि ज्याला स्वतः खोगिरावर चढतां येतें, अशा रोग्यासाठीं होता. ज्याला उचलून बसवावें लागतें, त्याच्या वाट्यास तो आला नाहीं.

ही स्थिति पालटण्यास एक डॅनिश स्त्री कारणीभूत झाली. लिस हार्टेल ही १९२१ सालीं जन्मलेली, लहानपणापासून घोड्यांत रमलेली. १९४४ सालीं, वयाच्या तेविसाव्या वर्षीं, ती गरोदर असतां तिला पोलिओनें गांठलें. मूल सुखरूप जन्मास आलें. तिचे हात हळूहळू कामीं येऊं लागले. परंतु गुडघ्यांखालचे पाय कायमचे लुळे राहिले. कुबड्यांच्या आधारानें चालतां आलें म्हणजे पुष्कळ झालें, असें वैद्यांस वाटत होतें. तिला मात्र पुन्हां घोड्यावर बसावयाचें होतें. घोड्यावर चढतां-उतरतांना तिला दुसऱ्याचा हात लागे. ज्या पोटऱ्या व टाचा यांनीं स्वार घोड्यास इशारा देतो, त्या तिच्या निकामी झाल्या होत्या. शरीराचा तोल आणि पाठीचा किंचित् भार, एवढ्याच भाषेंत तिनें आपल्या ‘ज्युबिली’ नांवाच्या घोडीशीं बोलणें साधलें.

ड्रेसाज म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींची स्पर्धा. ऑलिंपिकमध्यें १९४८ सालापर्यंत ती केवळ लष्करी अधिकाऱ्यांसाठीं राखून ठेवलेली होती. त्या वर्षीं स्वीडनच्या विजयी संघांतील एक स्वार अधिकारी नसून हुद्द्यानें सार्जंट आहे, एवढ्या कारणावरून त्या संघाचें सुवर्णपदक मागाहून काढून घेण्यांत आलें. १९५२ सालीं हेलसिंकीस हा निर्बंध उठला आणि सैन्याबाहेरच्या पुरुषांबरोबर स्त्रियांनाहि वाट मोकळी झाली. त्या वर्षीं उतरलेल्या चार स्त्रियांपैकीं हार्टेल ही एक. तिनें पुरुषांच्या बरोबरीनें रौप्यपदक मिळविलें. सुवर्णपदकाचा मानकरी, स्वीडनचा हेन्री सेंट सिर, यानें तिला आधार देऊन व्यासपीठावर नेलें, तेव्हां पाहणाऱ्यांच्या ध्यानांत आलें कीं, इतका वेळ जिच्या डौलाचें कौतुक चाललें होतें, तिला जमिनीवर धड उभेंहि राहतां येत नाहीं. १९५६ सालीं स्टॉकहोम येथें तिनें पुन्हां रौप्यपदक पटकावलें. पुढें तिनें पोलिओग्रस्तांसाठीं प्रयोग करून दाखविले, निधि जमविला.

या घटनेचा परिणाम स्कँडिनेव्हिआपुरता राहिला नाहीं. इंग्लंडांत कांहीं अंगमर्दनतज्ज्ञ स्त्रिया आणि तट्टें बाळगणारे गृहस्थ यांनीं विकलांग मुलांस घोड्यावर बसविण्याचे तुरळक प्रयत्न आरंभिले. १९६४ सालीं एसेक्स परगण्यांतील चिगवेल येथें याच कार्यासाठीं एक न्यास उभा राहिला. विखुरलेल्या गटांना एकत्र आणणारें सल्लागार मंडळहि त्याच सुमारास निघालें आणि त्यांतूनच १९६९ सालीं ‘रायडिंग फॉर द डिसेबल्ड असोसिएशन’ ही संस्था जन्मास आली. त्याच वर्षीं अमेरिकेंतहि अशीच राष्ट्रव्यापी संघटना स्थापन झाली. १९७१ सालीं राजकन्या अ‍ॅन यांनीं ब्रिटिश संस्थेचें आश्रयदातृत्व पत्करलें. त्या स्वतः १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकमध्यें अश्वारोहणांत उतरल्या होत्या, म्हणजे केवळ शोभेच्या पाहुण्या नव्हत्या. आज त्या संस्थेचे चारशेंहून अधिक गट ब्रिटनभर पसरलेले असून त्यांचा बहुतेक भार स्वयंसेवकच वाहतात.

घोड्याच्या पाठीवर असें काय घडतें, हें पाहण्याजोगें आहे. घोडा कदम चालीनें चालूं लागला म्हणजे त्याची पाठ मागें-पुढें, डावी-उजवीकडे आणि खालीं-वर अशी एकाच वेळीं हलते. बसणाऱ्याच्या कटिप्रदेशास मिळणारी ही गति मनुष्याच्या स्वतःच्या चालीसारखी असते. जें मूल जन्मांत एक पाऊल चाललें नाहीं, त्याच्या देहास चालण्याचा ताल मिनिटाला सुमारें शंभर वेळां अनुभवावयास मिळतो. तोल सांवरण्यासाठीं पाठीचे व पोटाचे स्नायू आपोआप कामास लागतात; घोड्याच्या अंगच्या उबेनें व संथ हेलकाव्यानें आखडलेल्या मांड्या सैल होतात. जर्मनी, स्वित्झर्लंड आदि देशांत याच गुणाचा वैद्यकीय उपयोग करणारी ‘हिपोथेरपी’ ही शाखा निराळी वाढली. तिच्यांत घोड्याची चाल हेंच औषध असतें आणि तें तज्ज्ञानें द्यावयाचें असतें. स्वयंसेवकांच्या गटांत मात्र मूल हें रोगी नसून स्वार असतें. लगाम शक्य तितका त्याच्या हातीं द्यावयाचा, असा तेथील दंडक आहे.

हा दंडक पाळणें सोपें नाहीं. एका मुलामागें अनेकदां तीन माणसें लागतात. एक घोड्याचा दोर धरून पुढें चालतो. दोघे दोन्ही बाजूंनीं, एक हात स्वाराच्या मांडीवर अथवा पट्ट्यावर ठेवून, पावलास पाऊल मिळवीत चालतात. घोडा निवडावयाचा तो चपळ नव्हे, तर सोशिक. अचानक किंकाळी ऐकली, अंगावर चाकांची खुर्ची आली, पाठीवरचा भार एकाएकीं एका अंगास कलला, तरी बिचकणार नाहीं असा. मुलाचें पाऊल आंत सरकून अडकूं नये म्हणून रिकिबी खास घडविलेल्या असतात. मूल वर बसण्यापूर्वीं कोणीतरी पहांटे येऊन खरारा केलेला असतो, चिखलानें भरलेले खूर साफ केलेले असतात. आणि मूल घरीं गेल्यावरहि तबेला झाडावयाचा राहिलेलाच असतो. इंग्लंडांतील हिंवाळ्यांत, पावसांत, आठवड्यामागून आठवडे हें काम करणाऱ्यांत गृहिणी, पेन्शनर व शाळकरी मुली यांचाच भरणा मोठा.

कुंपणाबाहेर मुलाची आई उभी असते. ज्या मुलाकडे रस्त्यांतील माणसें वरून खालीं पाहतात, तेंच मूल प्रथमच सर्वांकडे उंचावरून पाहत असतें. शिवाय तेवढा अर्धा घटका तिच्या हातांना विसावा असतो आणि शेजारीं तिच्याचसारखी दुसरी आई असते. अशा घरांना औषधाइतकीच अशा शेजाराचीहि गरज असते.

परंतु या कार्याच्या मर्यादाहि स्पष्ट आहेत. आधींच दुबळ्या देहास पडण्याचें भय घालावें कीं काय, ही वैद्यांची शंका निराधार नव्हती. डाउन सिंड्रोम असलेल्या कांहीं मुलांच्या मानेचा सांधा सैल असतो, म्हणून अशांस खोगिरावर घेतांना सावधगिरी बाळगावी लागते. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांचा तोल कांहीं अंशीं सुधारतो असें अभ्यासांत आढळलें आहे. मूळ व्याधि त्यानें हटत नाहीं. आणि सर्वांत कठीण प्रसंग मूल वाढल्यावर येतो. तट्टाच्या पाठीस भाराची मर्यादा असते. पुरेसा मोठा व शांत घोडा मिळाला नाहीं, किंवा उचलून बसविणारे हात कमी पडले, तर दहा वर्षें आलेल्या स्वारास नकार द्यावा लागतो. घोड्यास इजा करून मुलास सुख देणें ही सेवा नव्हे, हें जाणूनहि तो नकार उच्चारणें जड जातें.

१९५५ सालीं साल्कची लस आली आणि प्रगत देशांत पोलिओ ओसरला. ज्या व्याधीनें ही चळवळ जन्मास घातली ती गेली, तरी चळवळ टिकली. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, अंधत्व असलेलीं मुलें तिच्या दारीं आलीं. १९९६ च्या अटलांटा पॅरालिंपिकमध्यें विकलांगांच्या ड्रेसाजला स्थान मिळालें. सेरेब्रल पाल्सी असलेली सोफी क्रिश्चन्सन ही सहाव्या वर्षीं अशाच एका स्वयंसेवी गटांत प्रथम घोड्यावर बसली. २०१२ सालीं लंडनमध्यें तिनें तीन सुवर्णपदकें जिंकलीं.

तथापि या कार्याचें मोल पदकांवरून ठरवूं नये. बहुसंख्य मुलें कधींच स्पर्धेंत उतरत नाहींत. कित्येकांची सर्वांत मोठी मजल म्हणजे बाजूचा स्वयंसेवक क्षणभर हात काढून घेतो आणि मूल दहा पावलें आपल्या तोलावर जातें, एवढीच. आधार कोठें द्यावा हें दयाळू माणसास सहज कळतें. तो कोठें काढून घ्यावा, हें कळण्यास वर्षें लागतात. घोड्याशेजारीं मुकाट्यानें चालणाऱ्या त्या माणसांनीं जें कमावलें, तें हेंच ज्ञान होय.