तळटीप : साइन १८° ची किंमत

लेखकाने किंमत दिली, रीत गाळली. ही किंमत भास्कराचार्यांच्या ‘ज्योत्पत्ती’त (११५०) सूत्ररूपाने आहे; आजच्या पद्धतीने ती अशी निघते. क = १८° धरा. ५क = ९०°, म्हणून २क = ९०° − ३क, आणि साइन २क = कोसाइन ३क. नित्य समानता वापरून :

२ साइन क × कोसाइन क = ४ कोसाइन³ क − ३ कोसाइन क

कोसाइन १८° शून्य नाही, म्हणून त्याने खुशाल भागावे. (समीकरणाच्या सगळ्या उकली हव्या असतील तर मात्र हा भागाकार ९०° ची उकल गिळतो; विद्यार्थी फसतात ते बहुधा इथेच.) मग कोसाइन² क च्या जागी १ − साइन² क घातले आणि साइन क ला ‘स’ म्हटले, की उरते ४स² + २स − १ = ०. धन मूळ (√५ − १)/४, सुमारे ०.३०९०. ऋण मूळही खोटे नव्हे, ते २३४° चे आहे.