ह्यू निब्ली आणि त्यांच्या चिठ्ठ्या

अमेरिकेंतील यूटा राज्यांत प्रोव्हो नांवाचें गांव आहे. तेथील ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या १९६० सालच्या पदवीदान समारंभांत आरंभीची प्रार्थना म्हणण्याचें काम ह्यू निब्ली या प्राध्यापकांकडे आलें. काळे झगे ल्यालेल्या त्या विद्वत्सभेच्या वतीनें त्यांनीं परमेश्वराला निवेदन केलें तें असें कीं, आम्ही आज येथें एका खोट्या पौरोहित्याचीं काळीं वस्त्रें घालून जमलों आहोंत! हा शेरा मारणारा गृहस्थ पाखंडी असता तर नवल नव्हतें. परंतु विद्यापीठ मॉर्मन पंथाचें आणि निब्ली त्या पंथाचे आमरण निष्ठावंत. तेवीस वर्षांनीं, १९८३ सालीं, त्याच विद्यापीठाच्या पदवीदानप्रसंगीं भाषण करतांना त्यांनीं त्या प्रार्थनेचा धागा पुन्हां उचलला, झग्याची कुळकथा सांगितली, आणि पुढाऱ्यांच्या जागीं व्यवस्थापक येऊन बसले म्हणजे समाजाला कशी उतरती कळा लागते तें सुनावलें. पदवीदानाचा थाट आपल्याकडेहि कमी नसतो; पण तो चालू असतां व्यासपीठावरूनच त्याची अशी हजेरी घेतल्याचें उदाहरण विरळा.

हा पंथ जोसेफ स्मिथ यानें १८३० सालीं न्यूयॉर्क राज्यांत स्थापिला. ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा त्याचा धर्मग्रंथ. जेरुसलेमहून निघून अमेरिकेस पोहोंचलेल्या एका प्राचीन कुटुंबाची व त्याच्या वंशजांची हकीकत त्यांत आली आहे, अशी अनुयायांची श्रद्धा. १८४४ त स्मिथचा खून झाला; छळाला कंटाळलेल्या मंडळींनीं १८४७ त ब्रिगहॅम यंगच्या मागोमाग यूटाचें ओसाड खोरें गांठलें.

निब्लींचा जन्म २७ मार्च १९१० चा, ओरेगॉन राज्यांतील पोर्टलंडचा. आजोबा चार्ल्स निब्ली लांकूड व साखर यांच्या धंद्यांत गबर झालेले व पंथाच्या अगदीं वरच्या अधिकारमंडळांत बसलेले. नातवानें मात्र लहानपणीं ओरेगॉनच्या जुन्या अरण्यांवर पडणारी कुऱ्हाड पाहिली आणि संपत्तीविषयींची त्याची अढी जन्मभर गेली नाहीं. फुकट जेवण कोणी घालीत नाहीं, अशी अमेरिकन व्यापाऱ्यांची एक म्हण आहे. निब्लींनीं १९८२ सालीं व्याख्यान दिलें तें ती उलटी करून: काम केलेंच पाहिजे, पण जेवण फुकटच आहे, कारण वाढणारा परमेश्वर आहे.

सतराव्या वर्षीं ते धर्मप्रचारासाठीं जर्मनींत गेले. पुढें १९३८ सालीं बर्कले येथें डॉक्टरेट मिळवून ते अध्यापन करूं लागले. १९४२ सालीं सैन्यांत शिरल्यावर त्यांची नेमणूक १०१ व्या हवाई डिव्हिजनच्या हेरखात्यांत झाली. ज्या लोकांना धर्म सांगितला त्यांच्याच सैन्याची टिपणें ठेवण्याचें काम आतां आलें! ६ जून १९४४ रोजीं त्यांची जीप नॉर्मंडीच्या ज्या किनाऱ्यावर उतरली त्याचें लष्करी सांकेतिक नांव योगायोगानें ‘यूटा’ असेंच होतें. त्यांच्या एका खिशांत ‘बुक ऑफ मॉर्मन’ची प्रत होती, आणि त्या गोंधळांत आपल्या मनांत त्या ग्रंथाचेच विचार घोळत होते असें ते पुढें सांगत. त्याच वर्षीं सप्टेंबरांत ते ग्लायडरनें हॉलंडांत उतरले. लढाई पाहिलेल्या या माणसानें पुढें व्हिएटनामच्या युद्धाला उघड विरोध केला. भोंवतालच्या समाजाला तो फारसा रुचणारा नव्हता.

१९४६ पासून ते प्रोव्होला स्थायिक झाले. त्यांचा खरा संसार चिठ्ठ्यांचा. ग्रीक, लॅटिन, हिब्रू, अरबी, जुनी नॉर्स, मिसरी अशा भाषांतले ग्रंथ वाचावे, लहान जाड कागदांवर टिपणें करावीं आणि तीं बुटांच्या रिकाम्या खोक्यांत भरून ठेवावीं, हा क्रम कित्येक दशकें चालला. धनिक लोक नाणीं किंवा चित्रें जमवितात. यांनीं जमविलीं तीं साम्यस्थळें. १९५२ च्या ‘लेहाय इन द डेझर्ट’ या पुस्तकांत त्यांनीं धर्मग्रंथांतील कुटुंबाचा प्रवास अरबस्तानांतील भटक्या टोळ्यांच्या चालीरीतींशीं ताडून पाहिला. मात्र, दूरदूरच्या काळांतील व देशांतील गोष्टी ते एकाच माळेंत ओंवतात, असा आक्षेप त्यांच्या पंथांतील विद्वानांनींहि घेतला, आणि तो खोडून काढणें अवघड आहे. विनोदहि क्वचित् युक्तिवादाच्या पुढें धांवे. फॉन ब्रोडीबाईंनीं स्मिथचें चिकित्सक चरित्र १९४५ सालीं ‘नो मॅन नोज माय हिस्टरी’ या नांवानें काढलें. निब्लींनीं १९४६ त उत्तर छापलें त्याचें नांव ‘नो मॅम, दॅट्स नॉट हिस्टरी’! शीर्षकावर हंसूं येतें, पण ब्रोडींचें पुस्तक त्यानें मागें पडलें नाहीं.

खरी कसोटी पुढेंच होती. १८३५ सालीं स्मिथनें कांहीं मिसरी ममी व पपायरसावरील लेख विकत घेतले होते. ‘बुक ऑफ अब्राहम’ हा आपला दुसरा धर्मग्रंथ त्यांवरूनच उतरविल्याचें सांगून त्यानें तो १८४२ त प्रसिद्ध केला. हे लेख १८७१ च्या शिकागोच्या आगींत जळाले अशी समजूत होती. परंतु त्यांचे कांहीं तुकडे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांत सांपडले आणि १९६७ च्या नोव्हेंबरांत पंथाच्या हवालीं झाले. तज्ज्ञांनीं वाचून निर्णय दिला: हे प्रेताबरोबर ठेवावयाचे नेहमींचे मंत्र, अब्राहमचें यांत नांवहि नाहीं. निब्ली तेव्हां सत्तावन वर्षांचे. आदल्याच वर्षीं शिकागोस जाऊन क्लाउस बेअर यांच्या हाताखालीं त्यांनीं मिसरी भाषेचा अभ्यास वाढविला होता. मौन पाळणें सोपें होतें. त्यांनीं तें केलें नाहीं. लेखाचें शब्दशः भाषांतर स्वतः करून १९७५ सालीं छापलें, आणि लेख अंत्यविधीचा आहे हें मान्य करून त्या विधींत आपल्या मंदिरांतील संस्कारांची छाया दाखविण्याचा यत्न केला. मिसरविद्येच्या पंडितांना तें पटलें नाहीं. पण मूळ पुरावा वाचकांपुढें आला तो भक्ताच्याच हातून.

निब्ली २४ फेब्रुवारी २००५ रोजीं वारले. त्यांच्या समग्र लेखनाचे १९ खंड निघाले. शेवटचा २०१० सालीं, त्यांच्या पश्चात्, साठलेल्या मसुद्यांच्या राशींतून एका सहकाऱ्यानें पुरा केला. त्याचा विषय ‘बुक ऑफ अब्राहम’ मधील एक गोल मिसरी चित्र.