खैरुन्निसाची मुलगी

माझी एक जुनी विद्यार्थिनी सुट्टीत मलकापूरला आली की हमखास भेटून जाते. या वेळी ती इंग्रजी प्रेमकथांबद्दल भरभरून बोलत होती. घोडागाड्या, नाचाच्या मैफली, खानदानाची इभ्रत, घरात दडवून ठेवलेलं एखादं गुपित, आणि तीनशे पानं होईपर्यंत एकमेकांना मनातलं न सांगणारे दोघं. या कथांना 'रीजन्सी' काळातल्या कथा म्हणतात. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज भ्रमिष्ट झाला, म्हणून १८११ ते १८२० त्याच्या मुलाने राजाच्या नावाने कारभार पाहिला, तो हा काळ.

बोलता बोलता तिने विचारलं, "मॅडम, तेव्हा आपल्याकडच्या बायकांचं काय चाललं होतं?"

त्या वर्षांत आपल्याकडे काय चाललं होतं हे शाळेच्या पुस्तकात आहे. १८११ मध्ये एल्फिन्स्टन पुण्याचा रेसिडेंट झाला. १८१२ च्या तहात कोल्हापूरने मालवण इंग्रजांना दिलं. १८१८ मध्ये पेशवाई गेली. बायकांचं मात्र पुस्तकात फारसं काही नाही. म्हणून मी तिला खैरुन्निसाची हकीकत सांगितली. तीच इथे लिहिते. विल्यम डॅलरिंपल यांच्या २००२ च्या 'व्हाइट मुघल्स'मुळे ती जगभर गेली, पण मराठीत आपण तिच्याबद्दल फार कमी बोलतो.

जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक हा कंपनी सरकारचा हैदराबादचा रेसिडेंट. फारसी उत्तम, हिंदुस्तानी अस्खलित, निजामाने दिलेला किताब हशमत जंग. १७९८ च्या अखेरीस एका लग्नात नवरीच्या धाकट्या बहिणीने त्याला परद्याआडून पाहिलं. ती खैरुन्निसा. इराणहून आलेलं सय्यद घराणं, आजोबा बाकर अली खान निजामाच्या सेवेत, मीर आलम त्यांचे चुलतभाऊ. तिचं लग्न एका सरदार घराण्यात ठरलेलं होतं. तिने नकार दिला. तिची आई शरफुन्निसा आणि आजी मुलीच्या बाजूने उभ्या राहिल्या आणि घरातले पुरुष विरोधात, असा तो घरचा सामना होता. शिया घराण्यातल्या मुलीला मुसलमान नसलेल्या पुरुषाशी निकाह करता येत नव्हता. कर्कपॅट्रिकने इस्लाम स्वीकारला आणि गुपचूप निकाह झाला.

इथे माझी विद्यार्थिनी खूश झाली. मला मात्र तिला थांबवावं लागलं. मुलगी चौदा-पंधरा वर्षांची, पुरुष चौतीस वर्षांचा, आणि त्याच्या पाठीशी कंपनीच्या पलटणी. अशा माणसाशी नातं जोडण्यात घरातल्या कोणाचा काय हिशेब होता, हे तेव्हाही लोक विचारत होते. मुलीवर जबरदस्ती झाली का, याची चौकशीसुद्धा झाली. पुढचं सगळं पाहता तिचा जीव त्याच्यावर होता आणि त्याचा तिच्यावर, असंच मला वाटतं. पण ही बरोबरीच्या दोघांची गोष्ट नव्हती, हे विसरून ती सांगता येत नाही.

गव्हर्नर जनरल वेलस्लीपर्यंत तक्रारी गेल्या. कर्कपॅट्रिकने थोरल्या भावालासुद्धा सुरुवातीला खरं सांगितलं नाही. १८०१ मध्ये मुलगा झाला, मीर गुलाम अली. १८०२ मध्ये मुलगी, नूरुन्निसा. त्याच १८०१ साली तरुण एल्फिन्स्टन आणि त्याचा सोबती एडवर्ड स्ट्रेची पुण्याला निघालेले हैदराबादला थांबले. मिशा ठेवलेला, बोटांना मेंदी लावलेला रेसिडेंट पाहून एल्फिन्स्टनने ते डायरीत टिपून ठेवलं. पुण्याहून एक पाहुणीही आली होती: पुण्याचे माजी रेसिडेंट विल्यम पामर यांची बेगम फैजबख्श. ती खैरुन्निसाची आयुष्यभराची मैत्रीण झाली. रेसिडेन्सीची भव्य इमारत उभी राहत होती, पण परद्यात राहणाऱ्या बेगमला ती हिंडून पाहता येईना. म्हणून तिच्यासाठी रंगमहालाच्या बागेत त्या इमारतीची छोटी प्रतिकृती बांधली, असं सांगतात. ती प्रतिकृती हैदराबादच्या पूर्वीच्या कोठी महिला महाविद्यालयाच्या आवारात आजही आहे.

कादंबरी इथे संपली असती. १८०५ मध्ये दोन्ही मुलांना शिक्षणासाठी विलायतेला पाठवलं. मुलगा चार वर्षांचा, मुलगी तीन. निघण्यापूर्वी मद्रासमध्ये जॉर्ज चिनरीने त्यांचं चित्र काढलं, मुसलमानी पेहरावात. काही आठवड्यांतच, ऑक्टोबरमध्ये, कर्कपॅट्रिक कलकत्त्यात वारला. त्याच्या मृत्युपत्रात खैरुन्निसाचा उल्लेख आदराने आहे, पण 'पत्नी' म्हणून नाही, मुलांची आई म्हणून. मुलंही इंग्रजी कायद्याच्या भाषेत अनौरस. ज्याने तिच्यासाठी कलमा वाचला, त्याला मरतानाही कागदावर तिला बायको म्हणता आलं नाही.

ती विशीही न ओलांडलेली विधवा. नवऱ्याच्या कबरीसाठी ती कलकत्त्याला गेली. तिथे नवऱ्याचाच चिटणीस हेन्री रसेल तिच्या आयुष्यात आला. बोभाटा झाला आणि तिला हैदराबादला परत यायला बंदी झाली. तिला मछलीपट्टणला राहावं लागलं. रसेलने तिला सोडून दुसरीशी लग्न केलं. १८११ ते १८२०, नेमक्या त्या 'रीजन्सी'च्या वर्षांत, तो हैदराबादचा रेसिडेंट होता. ती अखेर परतली आणि १८१३ मध्ये, जेमतेम सत्तावीस वर्षांची असताना, गेली. मुलं तिला पुन्हा दिसली नाहीत.

इंग्लंडमध्ये १८०६ मध्ये मुलांचा बाप्तिस्मा झाला होता. नूरुन्निसाची कॅथरीन झाली, घरात किटी. हैदराबादला कोणाशी पत्रव्यवहार नाही. एडवर्ड स्ट्रेचीने पुढे किटीच्या चुलतबहिणीशी लग्न केलं आणि नंतर तरुण टॉमस कार्लाइलला किटी भेटली. त्याच्या 'सार्टर रिसार्टस'मधली ब्लूमिन म्हणजे हीच, असं मानतात. १८२९ मध्ये तिने एका लष्करी अधिकाऱ्याशी लग्न केलं. मग एकदा ती रसेलच्या गावाकडच्या घरी गेली आणि भिंतीवर तिला दोन लहान मुलांचं चित्र दिसलं. चिनरीचं तेच चित्र. ती रडायला लागली.

त्यानंतर, १८४१ मध्ये, नानीशी पत्रव्यवहार सुरू झाला. शरफुन्निसा अजून हयात होती. नात इंग्रजीत लिहायची, नानी फारसीत लिहवून घ्यायची, मध्ये एक इंग्रज अधिकारी तर्जुमा करायचा. किटीने लिहिलं की निरोपाच्या वेळचा आईचा आक्रोश तिला अजून आठवतो. नानीने खैरुन्निसाच्या केसांची एक बट पाठवली. तिला भाषांतराची गरज पडली नसणार. १८४७ मध्ये नानी गेली. दोघींची भेट झाली नाही.

माझ्या विद्यार्थिनीला रसेलचा राग आला. मला प्रत्येक वेळी त्या पत्रांशी अडखळायला होतं, कारण मी भाषा शिकवते. किटी तीन वर्षांची असताना ज्या भाषेत हट्ट करायची, ती भाषा तिच्याकडून गेली होती. कोणी ती मुद्दाम पुसली नसेलही, ती फक्त चालू ठेवली नाही.

आमच्या मलकापुरातही कधीतरी कोणी म्हातारी माझ्याकडे पत्राचा ट्रंक घेऊन येते. तळाशी जुनी उर्दू पत्रं असतात, मुंबईला गेलेल्या भावाची, मिरजेला दिलेल्या बहिणीची. घरात तीन शिकलेली नातवंडं, पण वाचून दाखवायला मास्तरीण लागते. मी वाचते, आजी ऐकते, आणि नातवंडं दाराशी उभी राहतात. आताशा मी त्यांना आत बोलावते आणि पहिली ओळ त्यांच्याकडून वाचून घेते. अलिफपासून सुरुवात करावी लागली तरी चालेल.