नळी १९४२ ची, गाभा झारच्या काळातला

१९३९ साली फिनलंडच्या सैन्याने ‘एम-३९’ ही रायफल स्वीकारली. नळी नवी, दस्ता नवा; मात्र नळी आणि बोल्ट ज्यात बसतात तो पोलादी गाभा, म्हणजे रिसीव्हर, फिनलंडने कधी घडवलाच नाही. झारच्या राजवटीतून मागे उरलेल्या आणि पुढे युद्धांत हस्तगत झालेल्या मोसिन-नागां रायफलींमधून तो काढून घेतला जाई. म्हणून साको कारखान्याच्या १९४२ च्या नळीमागे तूला येथे घडलेला गाभा निघतो. क्वचित फ्रान्समधील शातेलरोचाही, कारण रशियाने आरंभीच्या काही लाख रायफली तेथे बनवून घेतल्या होत्या.

पुढे ही शस्त्रे जुना लष्करी साठा म्हणून अमेरिकेच्या बाजारात आली, तेव्हा या जोडकामाला कायद्याचे वजन प्राप्त झाले. १९६८ च्या संघीय बंदूक नियंत्रण कायद्याने १८९८ पर्यंतचे शस्त्र पुरातन ठरते, आणि वय मोजले जाते ते गाभ्याचे. नवख्या संग्राहकाची फसगत होते ती इथेच: नळीवरचे ठळक वर्ष तो खरे मानतो. गाभ्याचे वर्ष त्याच्या शेपटीच्या खालच्या अंगाला कोरलेले असते. दस्ता उतरवल्याखेरीज ते दिसत नाही. विक्रेता दस्ता उतरवू देत नसेल, तर त्याने सांगितलेल्या वर्षापायी जादा पैसे मोजू नयेत.

नळीत मात्र डोकवावेच. जुन्या काडतुसांच्या टोपीतील रसायनाचा क्षार आत उरतो आणि हवेतील ओल ओढून घेतो. तो तेलाने विरघळत नाही, त्याला पाणीच लागते. कुणा सैनिकाने धुण्याचा कंटाळा केला असेल, तर त्याचे खड्डे आजही नळीत दिसतात.