स्पॅम-गाळणी (संस्थात्मक ई-मेल)

संस्थेच्या पत्त्यांवर येणारे अनाहूत, फसवे व घातक संदेश ओळखून वेगळे काढणारी व्यवस्था. ३ मे १९७८ रोजी गॅरी थर्क यांनी अर्पानेटवरील सुमारे ४०० जणांना पाठवलेली संगणकांची जाहिरात हा पहिला स्पॅम मानला जातो.

सरकारी ई-मेल : १९९६ मध्ये ॲडव्हेंटनेट या नावाने सुरू झालेल्या झोहो कंपनीचे मुख्यालय चेन्नई परिसरात आहे. तिची झोहो मेल ही सेवा २००८ पासून चालू असून केंद्र सरकारची सुमारे १२ लाख ई-मेल खाती २०२५ पर्यंत तिच्या यंत्रणेवर हलवण्यात आली. त्यामुळे गाळणीची मांडणी हा आता सरकारी कामकाजाच्या सुरक्षिततेचाही विषय झाला आहे.

ओळख-पडताळणी : ‘एसपीएफ’ या नोंदीत डोमेनच्या नावाने संदेश पाठवण्याची मुभा असलेले सर्व्हर नमूद असतात. ‘डीकेआयएम’ संदेशाला डिजिटल स्वाक्षरी जोडते. ‘डीमार्क’ दिसणाऱ्या पत्त्याचे डोमेन या दोहोंपैकी किमान एकाने पडताळलेल्या डोमेनशी जुळते का ते तपासते आणि न जुळल्यास काय करावे, हे प्राप्तकर्त्या सर्व्हरला सांगते. मोठ्या प्रमाणावर (जीमेलच्या बाबतीत दिवसाला सुमारे ५,००० किंवा अधिक) संदेश पाठवणाऱ्यांना जीमेल व याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून या तिन्ही गोष्टी बंधनकारक केल्या.

मांडणी : प्रथम पगारपत्रके, बिले, वार्तापत्रे इत्यादी पाठवणाऱ्या सर्व सेवांची यादी करतात. एका डोमेनला एकच एसपीएफ नोंद चालते आणि तिच्या तपासणीत डीएनएसकडे (डोमेनच्या नोंदी पुरवणाऱ्या यंत्रणेकडे) १० पेक्षा जास्त विचारणा होऊन चालत नाही. डीमार्कचे धोरण सुरुवातीला केवळ निरीक्षणाचे ठेवावे. अहवाल वाचून चुका दुरुस्त झाल्यावर विलगीकरण व शेवटी नकार, अशा क्रमाने ते कडक करावे. येणारे संशयास्पद संदेश थेट नष्ट न करता विलगीकरणात ठेवणे हिताचे. नुसत्या ‘बिल’, ‘बँक’ अशा शब्दांवर बंदी घातल्यास लेखा विभागाची खरी पत्रेही अडकतात. विश्वासू डोमेनना सरसकट सूट दिल्यास बनावट पत्त्याचे संदेश आत शिरतात. म्हणून सूट मोजकी, पडताळणीसह व वेळोवेळी तपासलेली असावी.

जबाबदारी : निविदा किंवा रुग्णाचा तपासणी-अहवाल अडकल्याने होणारे नुकसान स्पॅमहून मोठे असते. म्हणून विलगीकरण रोज पाहण्याचे काम ठरावीक कर्मचाऱ्याकडे सोपवणे आवश्यक आहे. फिशिंगचा हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेला कळवणे २०२२ च्या निर्देशांनुसार बंधनकारक आहे.