मोहाची दारू आणि सरकारचा वाटा

खानदेशातल्या आदिवासींच्या इतिहासात 1878 हे साल 1857-58 च्या उठावाइतकेच मोलाचे मानायला हवे. धरणगावच्या भिल्ल पलटणीचा, खाज्या नाईक आणि भीमा नाईकांचा उल्लेख सगळे करतात. 1878 मध्ये भारतीय वन कायदा आणि मुंबई आबकारी कायदा असे दोन कायदे एकाच वर्षी झाले, याकडे मात्र फारसे कुणी पाहत नाही. पहिल्याने जंगलावर सरकारची मालकी बसली, दुसऱ्याने त्याच जंगलातल्या मोहापासून होणाऱ्या दारूवर. फाल्गुन-चैत्रात पहाटे झाडाखाली पडलेली फुले टोपल्यांत वेचायची, वाळवायची, माठात भिजत घालून आंबवायची आणि घरच्या भट्टीवर गाळायची, हा सातपुड्यातला जुना रिवाज. देवाला, पितरांना दारूची धार टाकल्याशिवाय सण किंवा लग्न पुरे होत नसे. आबकारी कायद्याने परवान्याविना गाळणे गुन्हा ठरवले. सरकारी देखरेखीखालच्या भट्ट्या, मक्तेदार आणि त्याची दुकाने आली. घरी फुकट होणारी वस्तू आता पैसे मोजून घ्यावी लागू लागली आणि त्या पैशात सरकारचा हिस्सा ठरला.

या महसुलाने पुढे राज्यकारभारालाही बांधून घेतले. 1919 च्या सुधारणांनंतर प्रांतांच्या हाती आलेल्या उत्पन्नात आबकारी मोठी होती आणि शिक्षणाचा खर्चही त्याच तिजोरीतून व्हायचा. दारूबंदी केली तर शाळा कशा चालवायच्या, हा पेच 1937 च्या काँग्रेस मंत्रिमंडळांपुढे उघडपणे उभा राहिला. पण ज्यांच्या रिवाजावर हा महसूल उभा होता, त्यांना त्यात वाटा असावा, हा मुद्दा त्या वादाच्या केंद्रात कधी आला नाही.

अमेरिकेतला व्यवहार याच्या उलट दिशेने झाला. 1988 च्या कायद्याने आदिवासी जमातींच्या भूमीवरील जुगारघरे मान्य केली आणि त्यांवर राज्यांनी कर बसवायला मनाई केली. राज्याला पैसा हवा असेल तर त्या बदल्यात जमातीला काहीतरी द्यावे लागते. कनेक्टिकटमध्ये मशानटकेट पिकॉट जमातीने 1993 च्या करारात यंत्रजुगाराच्या उत्पन्नाचा 25 टक्के वाटा राज्याला कबूल केला, तो यंत्रांची मक्तेदारी मिळाली म्हणून. तिथे हक्क जमातीचा आणि हिस्सा मागणारे राज्य. इथे हक्क सरकारने घेतला, म्हणून हिस्सा मागायला आदिवासींना जागाच उरली नाही.

यावर कुणी म्हणेल की, दारूने आदिवासी पाडे उद्ध्वस्त केले, त्यात त्यांना भागीदार करणे म्हणजे नासाडीला खतपाणी घालणे. धोका खरा आहे. परंतु 1938 च्या सुमारास तळोद्याकडच्या मोरवडच्या गुलाम महाराजांनी दारू सोडण्याची हाक दिली, तेव्हा आरतीला हजारो भिल्ल जमले. दारू ठेवायची की सोडायची, हे समाज स्वतः ठरवू शकत होता. दुसरा आक्षेप असा की, महसूल शाळा-रस्त्यांच्या रूपाने परत येतोच. येतोही, पण सरकारच्या मर्जीने मिळालेले अनुदान वर्षागणिक कमी-जास्त होऊ शकते, तर हक्काच्या वाट्यावर ताळेबंद मागता येतो.

1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रांत ग्रामसभेला मादक पदार्थांची विक्री बंद किंवा नियंत्रित करण्याचा अधिकार आणि गौण वनोपजाची मालकी दिली. खानदेशात साक्री-शिरपूरपासून चोपडा, यावल, रावेरमधल्या काही गावांपर्यंत तो लागू आहे. 2021 मध्ये राज्याने मोहफुले गोळा करण्यावरचे निर्बंधही उठवले. मात्र गावात दुकान चालू राहिले तर त्याच्या महसुलातला वाटा ग्रामसभेला मिळावा, असे पेसात कुठेही नाही. फुलाची मालकी परत केली. त्या फुलातून दीडशे वर्षांपूर्वी उभ्या केलेल्या उत्पन्नाचा हिशेब सरकारने अजून ग्रामसभेपुढे मांडलेला नाही, आणि पेसाचा अर्थ पुरा करायचा असेल तर वाटाघाटीची सुरुवात तिथून व्हायला हवी.